सोनापूर, शिवडी आणि आपली माणसे

चर्चगेटकडे जाणारी लोकल चर्नी रोड सोडते तेव्हा उजव्या हाताला समुद्राच्या बाजूने जिमखान्यांची रांग लागते. हिंदू जिमखाना, पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, कॅथलिक जिमखाना. डाव्या हाताला जुन्या क्वीन्स रोडची, म्हणजे आताच्या महर्षी कर्वे मार्गाची, बाजू. तिथे चंदनवाडीचे स्मशान आहे, आणि पुढे मरीन लाइन्स स्टेशनासमोर बडा कबरस्तानची भिंत. या मार्गाने आम्ही कित्येक वर्षे ये-जा केली. डावीकडे पाहायचे नाही असा गाडीतल्या पुष्कळांचा अलिखित नेम असतो, तसा तो आमचाही होता. एका संध्याकाळी गाडी सिग्नलपाशी रखडली आणि नाइलाजाने दोन्हीकडे पाहणे झाले. तेव्हा लक्षात आले की रुळांच्या दोन्ही अंगांना एकच यादी आहे. एकीकडे ती क्रिकेट खेळते आणि दुसरीकडे तीच विसावते.

हे सुचले आणि मग सुटेना. मुंबईचे क्रिकेट एके काळी धर्मवार संघांत खेळले जाई. तिरंगी, चौरंगी, पंचरंगी असे करत ते सामने १९४६ पर्यंत चालले आणि मग जनमताच्या रेट्याने बंद पडले. जिमखाने मात्र राहिले. स्मशाने आणि कबरस्तानेही राहिली, आणि ती पंचरंगी नव्हेत, त्याहून किती तरी अधिक रंगी आहेत. मुंबईला सर्वांचे असे बाजार आहेत, सर्वांच्या गाड्या आहेत, सर्वांचा समुद्रकिनारा आहे. सर्वांचे असे मरणस्थान या शहराने कधी केले नाही. इथे माणूस मेला की पहिला प्रश्न उठतो तो हा की हा कोणाचा? मुंबईच्या दफनभूमींचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाच्या उत्तरांचा इतिहास होय, असे आम्हाला वाटते. उत्तरे मात्र दर पिढीला बदलत गेली आहेत, आणि ती कोणी द्यायची यावर भांडणेही झाली आहेत.

प्रथम जागेविषयी. मराठीत म्हाताऱ्या माणसाच्या गोवऱ्या मसणात पोचल्या असे म्हणतात. मुंबईच्या मराठीत त्या सोनापुरात पोचतात. हे सोनापूर म्हणजे गिरगावाला लागून असलेला, समुद्राच्या वाळूपर्यंत गेलेला पट्टा. नावाची उपपत्ती कोणी सोन्याशी लावतात, कोणी हिंदुस्तानीतल्या 'सोना' म्हणजे निजणे या शब्दाशी. दुसरी अधिक गोड आहे, म्हणून आम्हाला तिचा थोडा संशय येतो. नाव कसेही पडलेले असो, तिथे हिंदूंचे दहन, मुसलमानांचे दफन आणि गोऱ्यांची थडगी ही एकमेकांच्या शेजारी होती. त्यांच्यात सलोखा होता म्हणून हे घडले नाही. ती जागा गावाबाहेर होती आणि गावाबाहेरची जागा सगळ्यांना एकच सापडते, म्हणून घडले.

इंग्रजांची सर्वांत जुनी दफनभूमी सोनापूरचीही नव्हे. कंपनीच्या पहिल्या शतकात ती दक्षिणेला, कोटाबाहेर, मेंडॅम्स पॉइंट या टोकावर होती. तिथे प्रथम ज्याला पुरले त्याचेच नाव त्या टोकाला मिळाले असे सांगतात. त्या काळी नव्याने आलेल्या गोऱ्या माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी म्हणच होती, तेव्हा त्या टोकाला वर्दळीची उणीव नसावी. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर कोटाची तटबंदी आणि संरक्षणाच्या गरजा वाढल्या, आणि मृतांना उठवून सोनापुराकडे धाडण्यात आले. शतकाच्या अखेरीस तिथे बरोज नावाचे पाद्री अनेक वर्षे अंत्यविधी करीत. त्यावरून मुंबईच्या इंग्रजांत मरणे याला 'बरोज पाद्रीच्या गोदामात जाणे' असा शब्दप्रयोग रूढ झाला. व्यापाऱ्यांचे शहर! तिथे स्मशानालाही गोदामच म्हणणार. मोठ्या साहेबांसाठी गोदाम नव्हते. त्यांच्यासाठी सेंट थॉमस चर्चच्या भिंतीवर संगमरवर होता, आणि तो आजही तिथे आहे. त्यावरची शोक करणारी शिल्पे पाहिली तर मुंबईत तरुणपणी मेलेला प्रत्येक इंग्रज धीरोदात्त, दयाळू आणि कर्तव्यदक्ष होता असा समज होतो. दगडावर कोरलेल्या मजकुरावर किती विसंबायचे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिथेच शिकून घ्यावे.

पुढे शहर सोनापुरापर्यंत आले आणि सोनापूर ओलांडून पुढे गेले. १८६० नंतरच्या कापसाच्या तेजीत मुंबई फुगली, कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या, आणि ज्या स्मशानाला गावाबाहेर काढले होते ते गावाच्या मधोमध येऊन बसले. क्वीन्स रोडवरून सायंकाळी हवा खायला निघणाऱ्या साहेबांच्या बग्ग्यांना चितांचा धूर सोसेना. म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी १८६५ मध्ये गोऱ्या ख्रिस्त्यांसाठी शिवडीला नवी दफनभूमी काढली. ती जागा ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेची होती. सोसायटीची नवी बाग भायखळ्याला झाली, तीच आपली राणीची बाग. शिवडीत आज जी जुनी झाडे दिसतात त्यांच्याकडे पाहताना ही मूळ बाग आठवते. मुंबईत मुडद्यांसाठी बाग हटवली गेली हे ऐकून आजचा बिल्डर चकित होईल.

हिंदूंचे स्मशानही शिवडीला हलवावे असा सरकारचा विचार होता. तो हाणून पाडला जगन्नाथ शंकरशेट यांनी. नाना शंकरशेट म्हटले की आपल्याला रेल्वे, एल्फिन्स्टन कॉलेज आणि मुलींच्या शाळा आठवतात. गिरगावातल्या सामान्य माणसाने मात्र त्यांचे नाव सोनापुरासाठी फार दिवस घेतले. यात निव्वळ धर्माभिमान पाहणे चुकीचे ठरेल. गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी इथून शिवडी किती लांब आहे ते पाहावे. प्रेत खांद्यावरून न्यायचे, भर पावसात न्यायचे, आणि ज्याला रोजगार बुडवून चालत नाही अशा माणसाने न्यायचे. साहेब घोडागाडीतून जाऊ शकतो, म्हणून त्याला शिवडी जवळ होती. आरोग्याच्या नावाखाली आखलेली योजना कोणाच्या पायांना पडते हे नानांना दिसले. ते स्वतः वाड्यात राहणारे, मुंबईतल्या धनाढ्यांपैकी होते, तरीही त्यांना ते दिसले. शहरात कोणाला जागा आहे हे ठरवताना त्या माणसाच्या मरणाला शहरात जागा आहे की नाही हेही ठरत असते. सोनापूर राहिले. आज तिथे चंदनवाडी आहे.

शिवडीला आम्ही अनेकदा गेलो आहोत. उतारावर पसरलेली ती दफनभूमी मुंबईच्या मानाने अतिशय शांत आहे. बोरीबंदरचे भव्य स्टेशन उभारणारे फ्रेडरिक स्टीव्हन्स तिथे आहेत, ते १९०० मध्ये वारले. गेटवे ऑफ इंडियाची रचना करणारे जॉर्ज विटेट १९२६ मध्ये गेले, तेही तिथेच. ज्या दोघांनी मुंबईला तिचा चेहरा दिला ते विलायतेला परत गेले नाहीत हे पुष्कळांना ठाऊक नसते. साहेब लोकांची ही जागा हळूहळू मुंबईकरांची झाली. टिळकांचे सहकारी काका बॅप्टिस्टा १९३० मध्ये तिथे आले. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा आयुष्यभर लंडन-न्यूयॉर्कमध्ये राहिले आणि २००२ मध्ये मुंबईत आले असता वारले, ते शिवडीला आहेत. कवी डॉम मोराइस यांचे २००४ मध्ये निधन झाले. त्यांच्या कबरीची माती पुढच्या वर्षी इंग्लंडातल्या ऑडकूम या खेड्यात नेऊन पुरली गेली, कारण त्यांचा जीव त्या खेड्यात गुंतला होता. साम्राज्याच्या काळात इंग्रज मुंबईच्या मातीत मिसळले, आणि एका मुंबईकराची माती इंग्लंडात गेली. आता कायमची कबर मिळणे दुरापास्त झाले आहे. मुंबईच्या ख्रिस्ती दफनभूमींत ठराविक मुदतीने कबर उघडून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि ती जागा दुसऱ्याला देतात. मुंबईत भाड्याच्या खोलीत जन्मलेला माणूस शेवटीही भाडेकरूच राहतो.

इथे एक सावधगिरीची सूचना करणे आम्हाला आवश्यक वाटते. दफनभूमीवरून शहराचा इतिहास वाचणाऱ्याला दगड मोहात पाडतो. ज्यांनी दगड ठेवले त्यांचाच इतिहास मग लिहिला जातो. मुंबईतले बहुसंख्य लोक दहन करणारे. त्यांची राख समुद्रात गेली. गिरणीत राबणारे आणि गोदीत ओझी वाहणारे जे दफन करीत होते, त्यांच्याही कबरीवर मातीचा उंचवटा आणि फार तर एखादे झाड. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सुरू झाला आणि शहर ओस पडले, स्मशाने अहोरात्र धगधगत राहिली. त्या साथीत गेलेल्यांचा शोध घ्यायला कोणत्या कबरस्तानात जावे? आमच्या मते वांद्र्याच्या किंवा गिरगावच्या खोताच्या वाडीच्या रस्त्यावरून चालावे. गल्लीच्या तोंडाशी, घरांच्या कोपऱ्यांवर जे क्रूस उभे आहेत त्यांतले पुष्कळ त्या प्लेगच्या काळातले आहेत. साथीने आपल्या वस्तीत येऊ नये म्हणून, किंवा येऊन गेली आणि आपण वाचलो म्हणून ते उभारले. मृतांची नावे त्यांवर सहसा नसतात. पण त्या मरणाची खरी भीती जितकी त्या क्रुसांत आहे तितकी कोणत्याही संगमरवरी देवदूतात नाही.

आता भिंतींकडे वळू. सर्वांत बोलकी भिंत आम्हाला एका अर्जात सापडते. कोकणातले बेने इस्रायल हे मराठी बोलणारे यहुदी. तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. मुंबईत त्यांची वस्ती झाल्यानंतर बगदादकडचे यहुदी व्यापारी आले. आरंभी दोघांची दफनभूमी एकच होती. १८३६ मध्ये बगदादी पुढाऱ्यांनी, त्यांत पुढे ज्यांच्या नावाने मुंबईत ग्रंथालय निघाले ते डेव्हिड ससूनही होते, सरकारकडे अर्ज केला की या दफनभूमीत आमच्या आणि बेने इस्रायलांच्या कबरींमध्ये भिंत घालून द्यावी. धर्म एक, ग्रंथ एक, शनिवार एक. भिंत कशासाठी? तर ते काळे, कोकणचे, मराठी बोलणारे, आणि त्यांचे यहुदीपण आम्हाला शंकास्पद वाटते, म्हणून. डेव्हिड ससून इराकातल्या जाचाला कंटाळून नुकतेच मुंबईत येऊन राहिले होते. परक्या शहरात आसरा मिळून चारच वर्षे झालेल्या माणसाला कोणापासून तरी वेगळे व्हावेसे वाटावे, यात जातीच्या देशातली हवा किती आणि मनुष्यस्वभाव किती, ते सांगणे कठीण आहे. आज मुंबईतल्या यहुदी दफनभूमीत हिब्रू अक्षरांखाली देवनागरीत मराठी मजकूर कोरलेले दगड आहेत. 'कैलासवासी' हा शब्द तिथे चालत नाही, पण गेलेल्या आईबद्दल मराठीत जे म्हणतात तेच तिथे म्हटलेले आहे. बगदादी घराण्यांतले बहुतेक लोक पुढे लंडनला, हाँगकाँगला गेले, बेने इस्रायलांतले पुष्कळ इस्रायलला. भिंत मागणारे आणि ज्यांच्याविरुद्ध मागितली ते, दोघेही थोडेच उरले.

पारशांची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि ती आम्हाला विस्ताराने सांगायची आहे. मलबार हिलवर पहिला दखमा मोदी हिरजी वाच्छा यांनी १६७० च्या दशकाच्या आरंभी बांधला. तेव्हा ती टेकडी म्हणजे जंगल. आज डुंगरवाडीच्या भोवती देशातली सर्वांत महाग घरे आहेत, आणि आत मात्र झाडी आणि मोर. दखम्याचे तत्त्व विलक्षण समतेचे आहे. तिथे दगड नाही, नाव नाही, धनिकाला उंच आणि गरिबाला सखल अशी जागा नाही. देह गिधाडांना द्यायचा आणि अस्थी मधल्या विहिरीत एकत्र व्हायच्या. आतल्या समतेची किंमत दारावर वसूल होते. आत जाईल तो पारशीच असला पाहिजे. मग पारशी कोण?

रतनजी दादाभाई टाटा यांनी १९०३ मध्ये सुझान ब्रिएर या फ्रेंच तरुणीशी विवाह केला. तिची नवजोत झाली, ती जरथुश्ती धर्मात आली. ती मेल्यावर तिचा देह दखम्यात जाऊ शकेल काय, पंचायतीच्या मालमत्तेवर तिचा हक्क आहे काय, यावरून मुंबई उच्च न्यायालयात दावा उभा राहिला. वादींत अग्रभागी सर दिनशॉ पेटिट होते. न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांनी १९०८ मध्ये निकाल दिला. धर्म स्वीकारता येतो, परंतु पारशी होता येत नाही, पारशी जन्मावे लागते. पारशी बापाची मुले पारशी, परक्या बापाची नव्हेत. एका समाजाची कायदेशीर व्याख्या इथे ठरली, आणि ती व्याख्या करण्याची गरज एका जिवंत बाईच्या पुढे कधीतरी होणाऱ्या प्रेताने निर्माण केली. सुझान १९२३ मध्ये फ्रान्समध्ये वारल्या. त्यांची, रतनजींची आणि त्यांचे पुत्र जे. आर. डी. यांची समाधी पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत आहे. ज्या घराण्याची नावे मुंबईच्या निम्म्या इमारतींवर आहेत त्याची ही शाखा मुंबईत विसावलेली नाही.

याच सर दिनशॉ पेटिटांची कन्या रतनबाई, म्हणजे रट्टी. तिने १९१८ मध्ये बॅरिस्टर महंमद अली जिना यांच्याशी लग्न केले, त्याआधी ती मुसलमान झाली. परकी सून समाजात यावी म्हणून न्यायालयात उभे राहिलेल्या बापाने आपल्या मुलीशी संबंध तोडला. १९२९ च्या फेब्रुवारीत, आपल्या २९ व्या वाढदिवशी, ती गेली. माझगावच्या खोजा इस्ना अशरी कबरस्तानात तिची कबर आहे. पेटिटांच्या दातृत्वाच्या खुणा शहरभर आहेत, डुंगरवाडी त्यांच्या हक्काची होती, आणि त्यांची लेक मलबार हिलपासून दूर, शहराच्या दुसऱ्या टोकाला, खोजांच्यात. तिला तिथे जागा मिळाली हे आम्ही खोजांच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

दाराशी इतका कडक पहारा ठेवणाऱ्या डुंगरवाडीचा घात झाला तो आकाशातून. १९९० च्या दशकात गिधाडे नाहीशी होऊ लागली. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्यांच्या मूत्रपिंडांना मारक ठरते हे २००४ मध्ये सिद्ध झाले, आणि २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोपर्यंत फार उशीर झाला होता. डुंगरवाडीत सूर्यकिरण एकवटणारे परावर्तक बसवले गेले, पावसाळ्यात ते काय कामाचे अशी कुजबुज सुरू झाली. ज्यांना दहन करावेसे वाटे त्यांच्यासाठी २०१५ मध्ये वरळीला महापालिकेच्या स्मशानाशेजारी प्रार्थनागृह उभे राहिले. तिथे अंत्यप्रार्थनेला परधर्मीय सोयरेही बसू शकतात. शंभर वर्षे ज्या दारावर वाद झाला ते दार शेजारच्या गल्लीत उघडले.

हिंदूंच्या स्मशानात भिंत दिसत नाही म्हणून ती नव्हती असे कोणी समजू नये. महाराष्ट्रातल्या खेड्यांत महारांचे मसण वेगळे, आणि काही ठिकाणी ते आजही वेगळे आहे. मुंबईत येणारा माणूस गावाकडून भाकरीबरोबर हेही बांधून आणी. या पार्श्वभूमीवर दादरच्या शिवाजी पार्कच्या स्मशानाचे महत्त्व कळते. ते भागोजी बाळाजी कीर यांनी उभारले. रत्नागिरीतला गरीब भंडारी मुलगा मुंबईत येऊन मोठा कंत्राटदार झाला आणि त्याने पैसा दोन गोष्टींत घातला. रत्नागिरीला सर्व जातींना खुले असे पतितपावन मंदिर १९३१ मध्ये बांधले, आणि दादरला सर्व हिंदूंसाठी स्मशान. देवळाविषयी पुष्कळ लिहिले गेले, स्मशानाविषयी कोणी लिहीत नाही. आमच्या मते दुसरे काम कमी मोलाचे नव्हते. देवळात न जाता माणसाचे चालते, स्मशानात प्रत्येकाला जावे लागते. पतितपावन मंदिरामागची प्रेरणा सावरकरांची होती. ते १९६६ मध्ये वारले तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार चंदनवाडीच्या विद्युतदाहिनीत दहन झाले. सरण रचणे नाही, कर्मकांड नाही. त्यांच्या राजकारणाशी आमचे पटत नसले तरी हे मरण आम्हाला सुसंगत वाटते. बायका स्मशानात जात नसत. त्यांनी अंगणातूनच परतायचे, हा नियम कोणत्याही भिंतीपेक्षा पक्का होता. तो अलीकडे सैल होत आहे, तोही दर घरी नाही.

त्याच दादरच्या किनाऱ्यावर ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. नागपूरच्या धर्मांतराला दोन महिनेही झाले नव्हते. मुंबईतही दीक्षेचा सोहळा त्याच महिन्यात व्हायचा होता. तो त्या दिवशी तिथेच झाला. भदंत आनंद कौसल्यायन यांनी चितेच्या साक्षीने जमलेल्या अफाट जनसमुदायाला दीक्षा दिली. स्मशानाशी ज्यांची जात पिढ्यान्‌पिढ्या जोडली गेली होती, ज्यांना मेलेली गुरे ओढावी लागत, त्यांनी एका चितेपाशी उभे राहून जात टाकली. १९७१ मध्ये तिथे स्तूप झाला. दर वर्षी ६ डिसेंबरला लाखो माणसे येतात, आणि दादरचे काही सुशिक्षित रहिवासी दर वर्षी गर्दीबद्दल कुरकुरतात. याच शहराने १९२० मध्ये टिळकांसाठी गिरगावची चौपाटी दिली होती, सरकारची खास परवानगी काढून. तिथे आता पुतळा आहे आणि त्याच्या पायाशी भेळ. टिळकांची जागा इतिहासात गेली. चैत्यभूमी मात्र अजून वर्तमानात आहे, कारण तिथे येणाऱ्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

वरळीच्या जपानी दफनस्थळाचाही इथे उल्लेख केला पाहिजे. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या खटपटीने मुंबई-जपान आगबोटींचा मार्ग सुरू झाला आणि इथला कापूस तिकडे जाऊ लागला. जपानी व्यापारी आले. कामाठीपुऱ्यात जपानी मुलीही होत्या, आपल्या दरिद्री खेड्यांतून विकल्या गेलेल्या. व्यापाराची कागदपत्रे पेढ्यांच्या दप्तरांत सापडतात. त्या मुलींचे दप्तर कोणी ठेवणार नव्हते.

'हा आमचा नव्हे' असे सांगण्याचा अधिकार एकदा या शहराने वेगळ्याच रीतीने वापरलेला पाहिला. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना बडा कबरस्तानात जागा देण्यास जामा मशीद ट्रस्टने साफ नकार दिला. ज्यांनी निरपराधांना मारले ते मुसलमान नव्हेत, असे सांगितले गेले. प्रेते वर्षभराहून अधिक काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून होती. जानेवारी २०१० मध्ये सरकारने ती गुपचूप पुरली आणि एप्रिलमध्ये गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी ते जाहीर केले. त्या नकाराचे तेव्हा सर्वत्र कौतुक झाले, आम्हीही केले. पण पुढे एक प्रश्न टोचत राहिला. ज्या समाजाला आपले नागरिकत्व पुन्हा पुन्हा सिद्ध करायला लावले जाते, त्याला ते आता कबरस्तानाच्या दारातही सिद्ध करावे लागले काय?

त्याचे उत्तर आम्हाला २०२० मध्ये अर्धेमुर्धे मिळाले. ३० मार्च रोजी महापालिकेने आदेश काढला की कोरोनाने मेलेल्या प्रत्येकाचे, धर्म कोणताही असो, दहनच करावे. काही तासांत तो मागे घेतला गेला. भीती मात्र मागे गेली नाही. त्याच आठवड्यात मालाडच्या मालवणीत एका वृद्ध मुसलमानाच्या देहाला कबरस्तानाच्या विश्वस्तांनी जागा नाकारली आणि शेवटी त्याचे दहन हिंदू स्मशानात झाले. वांद्र्याच्या कबरस्तानात अशा मृतांचे दफन होऊ नये म्हणून रहिवासी न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २२ मे रोजी त्यांचे म्हणणे फेटाळले. सन्मानाने अंत्यसंस्कार होणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे न्यायालयाने म्हटले. १९०८ च्या न्यायालयाने देह कोणत्या समाजाचा हे ठरवले होते. ११२ वर्षांनंतरच्या न्यायालयाने देहाला त्याचा स्वतःचा हक्क दिला. मधल्या काळात झालेले संविधान ते हेच. मालाडच्या त्या वृद्धाला मात्र त्या निकालाचा उपयोग नव्हता.

जागेचा प्रश्न आता धर्मापेक्षा भारी पडू लागला आहे. जुहूच्या मुस्लिम कबरस्तानात मधुबाला, महंमद रफी, साहिर लुधियानवी यांच्या कबरी होत्या. मधुबालेच्या कबरीवर संगमरवर होता. २०१० मध्ये नव्या मृतांना जागा हवी म्हणून या कबरी उकरून, माती टाकून जमीन सपाट करण्यात आली. चाहते हळहळले. विश्वस्तांचे म्हणणे असे की कबरीवर पक्के बांधकाम करणे इस्लामला मान्य नाही, आणि उपनगरांत मरणाऱ्या गरिबाला आम्ही कुठे पुरायचे? या म्हणण्याला आमच्यापाशी उत्तर नाही. नानांनी सोनापूर राखले ते याच गरिबासाठी. तरीही ३१ जुलैला, रफींच्या पुण्यतिथीला, माणसे तिथे येत राहिली. नेमकी कबर दाखवणारा दगड आता नाही, म्हणून ती तिच्या सर्वांत जवळच्या नारळाच्या झाडापाशी जाऊन उभी राहतात.